रागाचं कुलूप

माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ, एक जन्माचा आणि एक डॉक्टरनं बसवलेला, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर बसवलेला गंजून जाईल आणि जन्माचा त्याला पाठिंबा देईल. कुणी म्हणेल, चंपाकाकी मागं सांगत होती की तिला गव्यानं पाठीवर बसवून बाजारापर्यंत सोडलं. सोडलंच होतं. गवा जरा लहान होता, एवढंच. पण ही गोष्ट त्यातली नव्हे. आंबेखोलात कुणालाही विचारा, ते म्हणतील काकी कमीच सांगते.

आंबेखोल म्हणजे आमचं गाव. घाटमाथ्यावर, जिथं डांबरी संपते आणि जळवा सुरू होतात तिथं. ऊस, नाचणी, रताळी आणि डुकरं, एवढंच पिकतं. गावात दुधाची गाडी ड्रायव्हरशिवाय यायला लागली, औषधं उडत यायला लागली, तरी डुकरं काही सुधारली नाहीत. सरकारनं त्यांना हाकलायला ड्रोन दिले. डुकरं आठवडाभर घाबरली आणि मग ड्रोनच्या सावलीत चरायला लागली. म्हणून पीक राखायच्या परवान्यावरच्या जुन्या ठासणीच्या बंदुका घरोघर खुंटीला होत्या. आजोबाकडून नातवाकडं आलेल्या. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. निवडणूक लागली की पोलीस त्या सगळ्या चौकीत नेऊन ठेवायचे, आणि निकाल लागला की बाप्ये त्यांना आणायला असे जायचे, जणू लेक माहेरी आणायला निघालेत.

एका वर्षी खालच्या खोऱ्यात एका साखरपुड्यात कुणीतरी खुशीत हवेत बार काढला. हवेत काढलेला बार हवेतच राहतो असं त्याला वाटलं असेल. शेजारच्या गच्चीवर मेंदी काढत बसलेली पोर गेली. मग सरकारचा हुकूम आला. बंदूक जमा करा, नाहीतर तिला नवं कुलूप बसवून घ्या.

शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. आमचा सरपंच रवळू गावडे टेबलावर हात आपटून म्हणाला, "एकेकानं बोला. ओरडायचं असंल तर बाहेर म्हशीजवळ जाऊन ओरडा."

पहिला उठला मल्हारी. मल्हारी आणि दौलत हे सख्खे भाऊ, आणि दोघांच्या शेतात एकच बांध, त्यामुळं सख्खे असून उपयोग नाही. मल्हारी म्हणाला, "बंदूक भिंतीवर कोळीष्टकं खात बसलेली असती. तिला काय कुणाचं वाईट वाटतं? दारू डोस्क्यात जाती, बांध डोस्क्यात जातो, पोरांना काम न्हाई ते डोस्क्यात जातं. ते आधी मिटवा. लोखंडाला कुलूप घालून काय होणार?"

बरेच जण "बरोबर, बरोबर" म्हणाले. तेवढ्यात दौलतची बायको पारू उठली. पदर खोचून उठली म्हणजे मी पिशवीतून सुपारी काढते, कारण मजा येणार हे ठरलेलं.

"भावजी, राग मलाबी येतो की," ती म्हणाली. "तुमच्या भावाबरोबर संसार करून न यायला काय झालं? पण माझा राग लाटण्याएवढा. लई झालं तर ताट आपटतो. तुमचा राग बांध ओलांडून पलीकडं जातो, कारण तुमच्या खुंटीला नळी हाय. डोकं सगळ्यांचंच तापतं हो. जवळ काय सापडतं, त्याच्यावर हाय सगळं."

"मग डुकरं कोण हाकलणार? तू लाटणं घेऊन जाणार?"

"डुकरांना तेवढंबी पुरं. तुमच्यापेक्षा शहाणी हायत ती."

माझे धाकटे दीर सोनबा भावजी कोपऱ्यात बसले होते. सरपंचानं विचारलं, "सोनबातात्या, तुमचं काय?" ते म्हणाले, "ठरवाल ते." त्यांची बायको शेवंता आदल्या पावसाळ्यात गेली होती. तेव्हापासून भावजींचं सगळ्यावर हेच उत्तर. आम्हाला वाटायचं, माणूस समजूतदार झाला.

शेवटी ठरलं, बंदुका राहू देत, कुलपं बसवू या.

कुलपं बसवायला पुण्याहून ऋता नावाची इंजिनीयर आली. बारीक पोरगी, डोळे मोठे, आणि उतरली माझ्याकडं. तिला मी उकडलेली रताळी खायला घातली आणि तिनं मला सगळं विज्ञान सांगितलं. सौदा बरा होता.

ते कुलूप म्हणजे एक रबरी पट्टा. बंदुकीच्या दस्त्याला, जिथं मूठ आवळायची, तिथं गुंडाळायचा. आत सुया नाहीत, काही टोचत नाही. "काकी, तुमचा तळहात सतत बडबडत असतो," ऋता म्हणाली.

"माझं तोंडही बडबडतं. त्याला कुणी पट्टा लावला नाही."

ती हसली आणि मग नीट सांगायला बसली. माणूस घाबरला तरी छाती धडधडते आणि रागावला तरी धडधडते. तोंड बघून फसायला होतं, पण हात फसवत नाही. भीतीत शरीर पळायची तयारी करतं, रक्त पायांकडं जातं, हात गार पडतो. रागात शरीर मारायची तयारी करतं, रक्त हातांकडं येतं, हात तापतो. पट्ट्याच्या आत बारीक उजेड असतो, तो कातडीतून नाडी बघतो. घाम मोजतो, थरथर मोजतो, ऊब मोजतो. एक महिनाभर तो मालकाचा रोजचा हात शिकून घेतो. मग डुकराला घाबरून हात गार पडला, किंवा रोजच्यासारखाच राहिला, तर हिरवा दिवा, चाप मोकळा. माणसावर रागावून हात तापला तर लाल दिवा, खट् आवाज, आणि हात निवेपर्यंत चाप हलायचं नाव नाही.

"आणि निवायला किती वेळ लागतो?"

"माणसावर आहे. काहींना चहाएवढा. काहींना अख्खी दुपार."

आम्ही त्या कुलपाला 'जावई' म्हणायला लागलो. घरात येऊन रुसून बसायचं, आणि समजूत काढल्याशिवाय हलायचं नाही.

शिकायचा महिना सरतो न सरतो, तोच कुलपाची परीक्षा झाली. दौलतनं बांध कोरला म्हणून मल्हारी बंदूक घेऊन आला. ते बघून दौलतनंही बंदूक आणली. दोघं बांधाच्या दोन्ही बाजूंना, नळ्या एकमेकांकडं. सगळा गाव उसात लपून बघतोय. मल्हारीनं चाप ओढला. खट्. लाल. दौलतनं ओढला. खट्. लाल. "तुझा जावई रुसला!" "तुझा कुठं हसतोय?" चाप ओढून ओढून बोटं दुखली, तेव्हा दोघांनी बंदुका खाली ठेवल्या आणि काजूची बोंडं फेकून एकमेकांना हाणलं. संध्याकाळी दोघांचे सदरे असे डागाळले होते की पारूनं दोघांचे एकत्रच भिजत घातले. मी उसातून पाहिलं ते. त्या दोन नळ्यांसमोर माझ्या जिवाचं पाणी झालं होतं, ते मात्र मी हसण्यावारी नेलं.

त्या दिवसापासून गावाला कुलपाचं वेड लागलं.

बायका संध्याकाळी नवऱ्याला म्हणायला लागल्या, "घरात यायच्या आधी धरा बघू बंदूक." दिवा लाल आला की जेवण ओसरीवर. लग्न जुळवताना पोरीकडचे विचारायचे, "मुलाचं कुलूप वर्षात कितीदा लाल झालं?" नोकरी, शेती, पत्रिका मागं पडली. एकदा सरपंचाच्या ओट्यावरून माकडानं बंदूक उचलली तर दिवा हिरवागार, आणि सरपंचानं ती माकडाच्या हातातून ओढून घेतली तर लालभडक. डुकरांनाही अंदाज आला म्हणतात. ज्या घरात भांडण झालं असेल त्याच्याच उसात शिरायची, कारण तिथून बार येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

हसायला ठीक होतं. पण माणसं रागच गिळायला लागली. दौलत बांधावरून जाताना मान खाली घालायचा. पोटात खदखदत असायचं, पण दिवा लाल व्हायला नको. ज्याचा दिवा हिरवा तो चांगला माणूस, असा हिशोब झाला. आणि गावातला सगळ्यात हिरवा माणूस कोण? आमचे सोनबा भावजी. वर्ष झालं, एकदाही लाल नाही. खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेनंतर सरपंचानं त्यांना शाल घातली, नारळ दिला. "बायको गेली, पोरगा पुण्याला, तरी मन कसं शांत ठेवलंय बघा. ह्याला म्हणतात माणूस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी शाल घडी करून काखेत घेतली आणि घरी गेले.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. बंदुका चौकीत जमा करायची वेळ आली. तेव्हा वरून सवलत आली, ज्याचं कुलूप वर्षभरात एकदाही लाल झालं नाही त्यानं बंदूक घरीच ठेवावी. आंबेखोलात असा एकच माणूस. सगळ्या खुंट्या मोकळ्या झाल्या, आणि भावजींची बंदूक मानानं घरी राहिली.

मतदान तोंडावर आलं होतं. एका दुपारी मी भावजींकडं निघाले. आमच्या दोन्ही घरांच्या परसात मध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. ताटलीत उकडलेली रताळी होती, आणि थोडी चेष्टा करायचा विचार होता. वहिनीनं दिराची चेष्टा नाही करायची तर कुणी करायची?

भावजी मागच्या पायरीवर बसले होते. मांडीवर बंदूक, मूठ दस्त्यावर, दिवा हिरवा. आणि समोर, हाक मारली तर वळून बघेल इतक्या जवळ, एक दांडगं डुक्कर रताळ्याचा वाफा उकरत होतं.

"भावजी, अहो डुक्कर!"

"दिसतंय."

"मग बार काढा की!"

"खाऊ दे. शेवंतानं लावलेली हायत. मला काय करायचीत?"

मी थबकले. डुकरानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि परत खायला लागलं.

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा घरी जावा."

आवाज अगदी गोड होता. इतका गोड आवाज ह्या माणसानं लग्नाच्या दिवशीही काढला नव्हता. मी ताटली खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि दस्त्यावरच्या त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. गार नव्हता. गरमही नव्हता. महिनाभर चूल न पेटलेल्या घरातल्या तव्यासारखा होता.

ऋतानं सांगितलं होतं, भीतीत हात गार पडतो, रागात तापतो. इथं सुळेवालं जनावर समोर उभं, तरी ह्या माणसाला भीती नाही. बायकोनं लावलेला वाफा ते उकरतंय, तरी राग नाही. मग ही कसली शांती? कुलूप बिचारं रागाची वाट बघत बसलं होतं. राग आला नाही म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे. आणि आम्ही अख्ख्या गावानं मिळून ह्याच हाताला शाल पांघरली होती.

ती बंदूक डुकरासाठी काढलेली नव्हती. बंदूक हिसकावू? भावजी साठी ओलांडलेले, तरी मनगट बैलाचं. हाका मारू? सगळे प्रचारसभेला गेलेले. तेव्हा डोक्यात एकच आलं. ह्या माणसाला राग आला पाहिजे. ज्या रागापायी एवढी कुलपं आणली, तो आता कुठूनही आणला पाहिजे. दिवा लाल झाला की चाप बंद.

आणि राग आणणं हे काम मला येतं.

"भावजी, ती शाल मला देऊन टाका. तुम्हाला शोभत नाही. खांद्यावर घातली की म्हातारं वासरू दिसता."

"न्या."

"तरुणपणी कबड्डीत पहिल्याच चढाईला बाद व्हायचात. गाव हसायचं."

"व्हय."

"आमच्या ह्यांनी तुमच्या हिश्श्याचा फणस खाल्ला होता आणि आळ माकडावर घातला होता."

"ठाऊक हाय."

हिरवा तो हिरवाच. डुक्कर दुसऱ्या वाफ्यात गेलं. मी देवाची मनातल्या मनात माफी मागितली, देवाची कसली, शेवंताचीच, आणि म्हटलं, "बाकी काही म्हणा, शेवंताला भाकरी कधी जमली नाही."

त्यांची मान हलली. जरा.

"लग्नानंतर वर्षभर ज्या भाकरीचं तुम्ही कौतुक करत होता ना, ती मी थापायचे. ती नुसती शेकायची. तीही करपवायची."

"खोटं."

"आणि तिचं जात्यावरचं गाणं! भसाडा आवाज. शेजारच्या म्हशी दूध चोरायच्या."

"वहिनी, खोटं बोलू नका."

"तुमचे सदरे शिवायची, तर एक बाही लांब, एक आखूड. मला म्हणायची, आक्का, ह्यांना कुठं कळतंय, ह्यांना काहीच कळत नाही..."

"वहिनी!"

असे ओरडले की डुक्कर कुंपण घेऊन पळालं. भावजी उठून उभे राहिले, बंदूक तशीच मुठीत, सगळं अंग थरथरत होतं. "तिच्याबद्दल एक शब्द बोलाल तर! भाकरी म्हणं! तिच्या भाकरीला हात लावायची लायकी हाय का कुणाची? पौर्णिमेसारखी भाकरी थापायची ती! आजारात, ताप अंगात, तरी म्हणाली, तुम्ही जेवल्याबिगर मी न्हाई..."

खट्. दिवा लाल झाला. मी हात पुढं केला आणि बंदूक माझ्याकडं घेतली.

"बोला की," मी म्हटलं. "ती गेल्यापासून तिच्याबद्दल बोलला नाहीत. आता बोलताय तर थांबू नका."

ते पायरीवर बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, शेवग्यावरचे कावळे उडून जातील असे. मधेच म्हणाले, "सगळी म्हणत होती किती शांत, किती शांत. मग कुणाला सांगू, वहिनी? शाल घातली माझ्या अंगावर." मी काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, असं भावजी अजून म्हणतात. नाक पुसायला त्यांना पदर दिला आणि गार झालेली रताळी सोलत बसले.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला त्यांच्या पोराला कळवलं. तो दुसऱ्या दिवशी आला, त्यांना घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेला, आणि पुढंही जात राहिला. ऋतालाही फोन केला. तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काकी, मी त्याला फक्त राग शिकवला. दुःख शिकवायचं मला सुचलंच नाही. आणि शिकवलं असतं तरी त्यानं काय केलं असतं? दिवाच लावला असता."

निकालानंतर पुन्हा ग्रामसभा भरली. बंदुका चौकीतून आणायच्या होत्या, म्हणून सगळे बाप्ये हजर. ह्या वेळी सरपंचानं न विचारताच भावजी उठले. हात पाठीमागं बांधलेले.

"मल्हारी म्हणला होता, बंदुकीला काय कुणाचं वाईट वाटतं. खरं हाय. माझं दुःख बंदुकीनं न्हाई दिलं. पर ते आलं तवा ती हाताशी होती. हाताशी नसती तर मी शेवग्याखाली बसून रडलो असतो, एवढंच झालं असतं."

 मल्हारी उठला. माणूस हट्टी, पण त्याचे डोळे ओले होते. "तात्या, तुमचं समदं पटलं. पर माझी नाचणी डुकरं खातील त्याचं काय? ते बी खोटं न्हाई."

खोटं नव्हतंच. दुपारभर भांडण झालं, आणि मला बरं वाटलं, कारण वर्षभरानं माणसं मोकळेपणी तावातावानं बोलत होती. शेवटी पारूनं तोडगा काढला. बंदुका कुणाच्या खुंटीला नकोत, दूध डेअरीच्या मागच्या पक्क्या खोलीत एकत्र राहू देत. डुक्कर आलं तर बंदूक मिळेल, पण एकट्याला नाही. सोबत दुसरा माणूस पाहिजे, आणि निघायच्या आधी दोघांनी डेअरीच्या बाकावर बसून चहा प्यायचा. चहा पिताना समोरच्याला विचारायचं, "घरी बरं हाय न्हवं?"

"आणि चहा होईस्तोवर डुक्कर थांबंल व्हय?" मल्हारी ओरडला.

"तुमच्या शेतातलं थांबंल," पारू म्हणाली. "आमच्या शेतातलं न्हाई."

डुकरं थांबत नाहीत. नाचणी जाते थोडी दर वर्षी, आणि मल्हारी दर वर्षी शिव्या देतो. पण जोडीदार म्हणून त्याला दौलतशिवाय कुणी मिळत नाही, तेव्हा दोघं डेअरीच्या बाकावर बसून चहा पितात आणि एकमेकांना घरचं विचारतात, त्याच घरचं, जे दोघांनाही पाठ आहे. भावजींनी रताळी पुन्हा लावली. माझ्याकडं जेवायला येतात आणि भाकरीला नावं ठेवतात. शेवंताची अशी नव्हती म्हणतात. रोज म्हणतात. मी रोज भांडते.

बरं. एक गोष्ट मी पदरची घातली आहे. एकच. माकड खरं, डुकरं खरी, बोंडांची लढाई तर शंभर टक्के खरी. पण दिवा लाल झाला नाही. भावजी ओरडले, उठले, थरथरले, तरी तो हिरवाच राहिला, कारण तो राग नव्हताच. चाप मोकळा होता. मी हात पुढं केला, आणि त्यांनी बंदूक आपणहून माझ्या हातात दिली.